वर्गप्रतिनिधी : मान की अमानत?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





या मेळाव्यात बोलण्याचे निमंत्रण देताना चिटणीस साहेबांनी मला विषय सुचवला होता, "परीक्षेत यश कसे मिळवावे." विषय चांगलाच आहे. पण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ऐकून कंटाळलेली मुले त्याहून पुष्कळ आहेत. म्हणून मी विषय बदलून मागितला. तुम्हाला तो कदाचित लहान वाटेल. महाविद्यालयाच्या प्रत्येक वर्गात एक मुलगा किंवा मुलगी असते, तिला सगळे सी. आर. म्हणतात. शुद्ध मराठीत वर्गप्रतिनिधी. आज मी तिच्याबद्दल, म्हणजेच तुमच्या मुलामुलींबद्दल बोलणार आहे.

हा विषय का निवडला ते सांगतो. मी आपल्या धाराशिव जिल्ह्यात बरीच वर्षे अध्यापन करतो आहे. दरवर्षी सत्र सुरू झाले की एखादे पालक मला भेटायला येतात. बाहेर चपला काढतात, खुर्चीवर बसायला संकोच करतात आणि हळूच म्हणतात, "सर, आमच्या पोरीचं नाव सी. आर.मधून काढा. आम्ही साधी माणसं. उगीच कुणाच्या नजरेत यायला नको." एका बागवान गृहस्थांनी तर मला सरळ सांगितले, "सर, पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं. पोरगं शिकून बाहेर पडू द्या, मग काय बोलायचं ते बोलेल."

पालकांच्या या भीतीला मी हसत नाही. ज्या घरातला पहिलाच मुलगा महाविद्यालयाची पायरी चढतो आहे, त्या घराला ती पायरी निसटण्याची धास्ती असणारच. पण ही भीती मुलाचे रक्षण करते की नुकसान, याचा हिशोब एकदा मांडला पाहिजे. तो मी माझ्यापासूनच मांडतो.

माझी एक सही

मी परंड्याकडच्या एका खेड्यातला. १९९७ साली मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्या वेळच्या नियमाप्रमाणे वर्गात पहिला आलेला विद्यार्थी वर्गप्रतिनिधी नेमला जाई. मी पहिला आलो होतो, म्हणून मी प्रतिनिधी झालो. मला कोणी निवडले नव्हते आणि मीही कोणाला काही विचारले नव्हते. घरी मात्र अब्बांना फार आनंद झाला. त्यांनी गल्लीत पेढे वाटले.

त्या वर्षी आमच्या प्रॅक्टिकलची वेळ बदलून दुपारी साडेतीन ते सहा अशी झाली. प्रयोगशाळा एक आणि तुकड्या तीन, त्यामुळे कोणाला तरी शेवटची वेळ मिळणारच होती. मी गावात खोली घेऊन राहत होतो, मला काहीच अडचण नव्हती. परंतु आमच्या वर्गातली आठ-दहा मुले रोज एस.टी.ने ये-जा करत आणि त्यांच्या बाजूची शेवटची गाडी साडेपाचला सुटे. ती मुले पाच वाजले की चुळबुळ करू लागत. प्रयोग अर्धा टाकून पळत. पुढे पुढे येईनाशी झाली. जर्नल अपुरे राहिले, आणि जर्नलवर सही नाही तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

त्याच सुमारास विद्यापीठाची पाहणी समिती आली. मला कार्यालयात बोलावून एक छापील कागद समोर ठेवला. त्यावर लिहिले होते, "विद्यार्थ्यांची अभ्यासक्रमाबाबत व सोयींबाबत कोणतीही तक्रार नाही." मी सही केली. कोणी धमकावले नाही, कोणी फसवले नाही. मला खरोखरच वाटले की तक्रार नाही. कारण माझी तक्रार नव्हती.

माझ्या शेजारच्या गावचा एक मित्र त्या मुलांपैकी एक होता. त्याचे वर्ष गेले. दुसऱ्या वर्षी तो आलाच नाही, पुण्याला एका गॅरेजात कामाला लागला. पुष्कळ वर्षांनी एका लग्नात भेटला. मी चुकल्यासारखे काहीतरी बोलू लागलो. तो म्हणाला, "अरे, तू सांगायला हवं होतंस असं मला कधी वाटलंच नाही. तू आमचा सी. आर. आहेस हेच आम्हाला माहीत नव्हतं."

मंडळी, हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. प्रॅक्टिकल एक तास अलीकडे घेणे अशक्य नव्हते. दुसरी तुकडी गावातल्याच मुलांची होती, अदलाबदल करता आली असती. त्यासाठी पैसा लागत नव्हता, ठराव लागत नव्हता. कोणीतरी जाऊन सांगणे लागत होते. ज्याने सांगायचे तो पेढे खाऊन बसला होता.

ही गोष्ट नवी नाही

विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षणाविषयी मत द्यावे ही आजकालची कल्पना आहे, असे काही वडीलधाऱ्यांना वाटते. तसे नाही. इटलीतल्या बोलोन्या येथील विद्यापीठ हे युरोपातल्या सर्वांत जुन्या विद्यापीठांपैकी एक. तेथे मध्ययुगात विद्यार्थ्यांचे संघच विद्यापीठाचा प्रमुख निवडत. शिक्षक उशिरा आला किंवा पुस्तकातला एखादा भाग न शिकवता पुढे गेला, तर त्याला दंड होई. मी स्वतः शिक्षक आहे, तेव्हा ती पद्धत इथे आणा असे मी म्हणणार नाही! पण विद्यापीठ या संस्थेच्या जन्मापासून विद्यार्थ्याला आवाज होता, एवढे ध्यानात घ्या. पुढे १९१८ साली दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे विद्यार्थ्यांनी मोठी चळवळ केली आणि विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांना भाग मिळण्याची प्रथा त्या खंडात पसरली.

त्याच १९१८ साली आपल्या बाजूला काय घडले? हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षण देशी भाषेत देण्याचा तो मोठा धाडसी प्रयोग होता. पाश्चात्त्य शास्त्रांची पुस्तके उर्दूत आणण्यासाठी खास भाषांतर विभाग उघडला होता. ज्यांच्या घरात उर्दू होती त्यांना ते सोयीचे झाले. पण याच जिल्ह्यातल्या मराठी घरातल्या मुलाला कायदा नि गणितही उर्दूतच शिकावे लागे. १९४८ नंतर राज्य बदलले, पुढे माध्यमही बदलले, आणि अडचण दुसऱ्या घरात गेली. आता उर्दू शाळेतून आलेला मुलगा महाविद्यालयात मराठी आणि इंग्रजी शब्दांशी झगडू लागला. दोन्ही वेळा माध्यम ठरवणारे वेगळे होते आणि त्या माध्यमात शिकणारे वेगळे होते. यात कोण चूक, कोण बरोबर, हे मी सांगत नाही. बाकावर बसणाऱ्याची अडचण ठरवणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोचली नाही तर काय होते, एवढेच सांगतो.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि हैदराबादची वाट संपली. १४ जानेवारी १९९४ रोजी त्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. २००४ मध्ये आपल्या गावी त्याचे उपकेंद्र सुरू झाले. तरीही मुख्य विद्यापीठ आपल्यापासून सुमारे २५० किलोमीटरवर आहे. अभ्यासक्रम तिथे ठरतो आणि भूम, वाशी, लोहारा, उमरग्याच्या बाकांवर शिकवला जातो. इतक्या लांबून बाकावरची अडचण आपोआप कशी दिसेल?

प्रतिनिधी नेमायचा कसा?

महाराष्ट्रात पूर्वी महाविद्यालयांत खुल्या निवडणुका होत. त्यांतून पुढारी घडले, तशा मारामाऱ्याही घडल्या. १९८९ साली मुंबईत निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी उमेदवाराचा खून झाला आणि सगळे राज्य हादरले. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका गेल्या आणि गुणवत्तेवर नेमणूक आली. माझी नेमणूक त्याच नियमाने झाली होती. त्या नियमात एक शहाणपण होते, भांडणे टळली. पण एक खोटही होती. वर्गात पहिला येणाऱ्याला सहसा वर्गातल्या शेवटच्याची अडचण ठाऊक नसते.

२००६ मध्ये लिंगडोह समितीचा अहवाल आला. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी त्यातल्या शिफारशी लागू केल्या. उमेदवाराची ७५ टक्के हजेरी हवी, मागचे विषय राहिलेले नसावेत, खर्च ५,००० रुपयांच्या आत हवा, अशा त्या अटी. म्हणजे निवडणूक हवी, पण ती अभ्यास करणाऱ्या मुलांची हवी.

त्यानंतर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ आला. तो १ मार्च २०१७ पासून अमलात आहे. त्यात महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेसाठी पुन्हा निवडणुकीची तरतूद आहे. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, मागास प्रवर्गातला एक प्रतिनिधी, आणि प्रत्येक वर्गातून त्या वर्गाने निवडून दिलेला एक प्रतिनिधी. मागास प्रवर्गाची जागा पाळीपाळीने फिरते आणि तिच्यात इतर मागासवर्गही येतो. आपल्यातल्या बागवान, तांबोळी, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या त्या वर्गात मोडतात, हे किती पालकांना ठाऊक आहे? २०१९ साली या निवडणुकांचे वेळापत्रक निघाले होते, पण त्या पुढे ढकलल्या गेल्या, आणि लगेच करोनाचा काळ आला.

असो. परिषदेच्या निवडणुका कधी होतात ते सरकार पाहील. पण वर्गाने आपल्यातून दोघांना पुढे करावे, एक मुलगा आणि एक मुलगी, याला कोणत्या अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही. शिक्षकांनी मनावर घेतले तर पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासात हे काम होते. चिठ्ठ्या टाका, मोजा, फळ्यावर नावे लिहा. निदान वर्गाला आपला सी. आर. कोण आहे एवढे तरी कळेल. माझ्या मित्राला तेही कळले नव्हते.

आताच का?

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षे चालले, आता काय घाई? घाई आहे. नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले आणि २०२४-२५ पासून ते राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांच्या पदवी वर्गांना लागू झाले. मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचे विषय, श्रेयांक असे शब्द मुले घरी घेऊन येऊ लागली. एक श्रेयांक म्हणजे साधारण १५ तासांचे शिकवणे, प्रात्यक्षिकाचे असेल तर ३० तास. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६०. कागदावर निवडीचे स्वातंत्र्य पुष्कळ आहे. पण लहान गावच्या महाविद्यालयात शिक्षक असतील तेच विषय निवडता येतात. कोणता विषय घेतला तर पुढे कोणते दार उघडते आणि कोणते बंद होते, हे मुलांना सांगणारे घरी कोणी नसते. अशा वेळी प्रत्येक मूल एकटे गोंधळते आणि प्रत्येकाला वाटते की आपणच मठ्ठ आहोत. चाळीस मुले एकाच प्रश्नावर अडली आहेत हे एकदा मोजून कळले, की तो मुलाचा दोष राहत नाही. तो अभ्यासक्रमाचा किंवा शिकवण्याचा प्रश्न होतो आणि त्याला उत्तर शोधता येते.

चार दारे

विद्यार्थी मित्रहो, आता व्यवहाराचे बोलतो. तक्रार चुकीच्या दारावर नेली तर ती तिथेच पडून राहते. म्हणून ही चार दारे नीट ओळखून ठेवा.

पहिले दार वर्गावरच्या शिक्षकाचे. शिकवण्याचा वेग, फळ्यावर लिहिणे, एखादा भाग पुन्हा सांगणे, टिपणे, ही सगळी कामे याच दारावर होतात. शंभरातल्या बहुतेक गोष्टी इथेच मिटतात. या शिक्षकाला डावलून वर गेलात तर त्याचा अपमान होतो आणि तुमचे कामही बिघडते.

दुसरे दार विभागप्रमुख आणि प्राचार्यांचे. वेळापत्रक, प्रॅक्टिकलच्या तुकड्या, अंतर्गत परीक्षांच्या तारखा, ग्रंथालयातल्या प्रती, पाणी, स्वच्छतागृह, हे त्यांच्या हातात असते.

तिसरे दार विद्यापीठाचे. अभ्यासक्रम अभ्यासमंडळ तयार करते आणि विद्या परिषद त्याला मान्यता देते. एखादे प्रकरण कालबाह्य आहे, नेमलेले पुस्तक मिळत नाही, किंवा ते मराठीत नाही, या गोष्टी शिक्षकांमार्फत अभ्यासमंडळाकडे लेखी जाव्या लागतात. हॉल तिकीट, निकाल, उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत, पुनर्मूल्यांकन ही कामे परीक्षा विभागाची. वर्गातल्या शिक्षकाला त्यासाठी दोष देऊन उपयोग नाही.

चौथे दार गाऱ्हाण्याचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये विद्यार्थी तक्रार निवारणाचे नवे विनियम काढले. त्याप्रमाणे संस्थेत तक्रार निवारण समिती असावी लागते, तिच्यात एका विद्यार्थ्याला विशेष निमंत्रित म्हणून घेतले जाते, आणि समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर लोकपालाकडे दाद मागता येते. हे दार शेवटचे आहे, पहिले नव्हे. पण ते आहे, हे माहीत असलेला विद्यार्थी कधी असहाय होत नाही.

याशिवाय महाविद्यालयाचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकने अभ्यासक्रमाविषयी विद्यार्थ्यांचा अभिप्राय घेणे हा मूल्यमापनाचा भाग केला, आणि २०१७ पासून विद्यार्थी समाधान सर्वेक्षणही आणले. अशी प्रश्नावली समोर आली की आपली मुले काय करतात? सगळीकडे "उत्तम, उत्तम, उत्तम" अशी खूण करून मोकळी होतात. माझ्या त्या सहीत आणि या खुणेत काही फरक आहे का, सांगा.

एका मुलीने काय केले

आता एक चांगली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या एका वर्गात एक मुलगी प्रतिनिधी झाली. वडील टायरचे पंक्चर काढण्याचे काम करत. तिचे दहावीपर्यंतचे शिक्षण उर्दूतून झालेले. अर्थशास्त्राच्या तासाला तिला निम्मे शब्द कळत नसत. तिला वाटे, ही आपलीच कमतरता. परंतु प्रतिनिधी झाल्यावर तिने एक साधी गोष्ट केली. एक वही घेतली आणि आठवडाभर मधल्या सुट्टीत वर्गातल्या प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारले. काय चांगले चालले आहे? काय कळत नाही? काय केले तर कळेल?

उत्तरे पाहून ती स्वतःच चकित झाली. उर्दू शाळेतून आलेल्या मुलांना मराठी पारिभाषिक शब्द अडत होते, हे तिला अपेक्षित होते. पण मराठी शाळेतून आलेली मुलेही त्याच जागी अडत होती. "सीमांत उपयोगिता" हा शब्द मराठी असला तरी खेड्यातल्या मुलाला तो परकाच. आणि इंग्रजी संदर्भ पुस्तक तर दोघांनाही सारखेच अवघड. म्हणजे जिला ती आपल्या समाजाची अडचण समजत होती, ती सगळ्या वर्गाची अडचण निघाली.

मग तिने एका पानाचे निवेदन लिहिले. आधी चांगले लिहिले : सर उदाहरणे बाजारातली देतात, ती लगेच समजतात. मग अडचण लिहिली, ती किती जणांची आहे तो आकडा लिहिला, कोणाचेही नाव लिहिले नाही. शेवटी मागणी लिहिली : महत्त्वाच्या शब्दांची मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशी यादी करू द्यावी, ती तपासून द्यावी आणि शनिवारी एक तास शंकांसाठी मिळावा. लक्षात घ्या, तिने "यादी द्या" असे म्हटले नाही, "करू द्या" असे म्हटले. मुलांनीच यादी केली. उर्दू शब्दांसाठी एका जुन्या शिक्षकांच्या घरी गेली. मराठी शब्द सरांनी तपासले. ती यादी पुढच्या वर्गानेही वापरली.

सगळ्या मागण्या मान्य झाल्या का? नाही. त्या वर्गाला नेमलेले पुस्तक बदलून हवे होते, ते झाले नाही; ते विद्यापीठाच्या हातात होते. पण त्या मुलीने वर्गात उभे राहून तेही सांगितले. "हे झाले, हे झाले नाही, आणि का झाले नाही ते असे." मंडळी, माझ्या मते तिने केलेले सर्वांत मोठे काम हेच. निवेदन देणारे पुष्कळ असतात, परत येऊन सांगणारे थोडे.

अमानत

आपल्या घरांत एक शब्द लहानपणापासून कानावर असतो : अमानत. कोणी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. ती वापरायची नसते, बदलायची नसते, मागितली की जशीच्या तशी परत द्यायची असते. वर्गमित्राचे मत ही अशीच अमानत आहे. म्हणून प्रतिनिधी होणाऱ्या मुलामुलींना माझी तीन सांगणी आहेत.

पहिली, स्वतःचे मत आणि वर्गाचे मत यांची भेसळ करू नका. "मला वाटते" आणि "वर्गातल्या तीस जणांना वाटते" ही दोन वेगळी वाक्ये आहेत. तिसाविरुद्ध पाचांचे मत वेगळे असेल तर तेही सांगा. पाचांची एस.टी. चुकत असेल तर ती पाचांचीच अडचण असते, पण त्या पाचांचे आख्खे वर्ष त्यात जाते.

दुसरी, माणसावर बोलू नका, कामावर बोला. "अमुक सरांना शिकवता येत नाही" हे मत नाही, तो राग आहे. "तिसरे प्रकरण दोन तासांत संपले, आम्हाला ते पुन्हा हवे आहे" हे मत आहे. पहिले वाक्य ऐकून शिक्षक दुखावतो, दुसरे ऐकून तो विचार करतो. मी स्वतः दोन्ही ऐकली आहेत, म्हणून सांगतो.

तिसरी, ज्याचा आवाज लहान आहे त्याच्याकडे आधी जा. मागच्या बाकावरचा, रोज कामावरून थेट तासाला येणारा, बोलताना अडखळणारा, घरी लहान भावंडे सांभाळून येणारी. पुढच्या बाकावरचा स्वतःचे बोलतोच. स्कॉटलंडमध्ये २००३ पासून वर्गप्रतिनिधींना प्रशिक्षण देणारी खास संस्था आहे. आपल्याकडे तशी सोय होईल तेव्हा होईल. तोवर एक वही आणि तीन प्रश्न एवढे प्रशिक्षण पुरे.

पालकांना विनंती

आता शेवटी पालकांकडे वळतो. आपल्या मोहल्ल्यात लग्न ठरवायचे असो की पाण्याच्या टाकीचा प्रश्न असो, चार माणसे बसून मशवरा केल्याशिवाय आपण पाऊल टाकत नाही. मग जिथे तुमच्या मुलाच्या आयुष्याची तीन-चार वर्षे जातात, तिथे त्याने मशवऱ्याला बसू नये असे का वाटावे? आपल्यात म्हण आहे, बोलणाऱ्याची बोरे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. आपल्या मुलांकडे गहू आहेत हो! फक्त तोंड उघडायची सवय नाही. आणि ती सवय नोकरीच्या मुलाखतीत एकाएकी येत नाही. ती वर्गात, सहाध्यायांसाठी दोन शब्द बोलताना लागते.

मुलगी प्रतिनिधी झाली तर तिचे नाव काढायला येऊ नका. तिला उशीर होणार नाही अशी बैठकीची वेळ मागायला या. ती मागणी आम्ही आनंदाने मान्य करू. तिने कागद लिहिला असेल तर तो वाचून घ्या, वाचता येत नसेल तर तिच्याकडून वाचून घ्या आणि विचारा, "बेटा, हे सगळ्यांना विचारून लिहिलंस ना?" एवढा एक प्रश्न घरातून गेला तर तो कागद आपोआप सचोटीचा होतो. आणि पालकसभेची चिठ्ठी आली की निदान एकदा या. आठवडी बाजाराचा दिवस आड येत असेल तर तेही आम्हाला कळवा. वेळ बदलता येते, हे आता मला ठाऊक झाले आहे.

जिने शब्दांची यादी केली त्या मुलीचे वडील वर्षअखेरीस मला भेटायला आले होते. त्यांनीही बाहेर चपला काढल्या, पण खुर्चीवर मात्र बसले. म्हणाले, "सर, पहिल्यांदा मी नाव काढायला येणार होतो. पोरीनं येऊ दिलं नाही."

मित्रहो, माझ्या त्या १९९७ च्या कागदावरची सही मी आता पुसू शकत नाही. पण तुमच्यापैकी कोणाच्या तरी समोर यंदा तसाच कागद येईल. त्यावर "तक्रार नाही" असे लिहिलेले असेल. सही जरूर करा, परंतु त्याआधी मागच्या बाकापर्यंत एकदा चालत जा आणि विचारून या. खरोखरच तक्रार नसेल तर तुमची सही सोन्याची. असेल, तर ती लिहायला त्या कागदावर खाली पुष्कळ जागा असते.